चुनखडीच्या दरीतला समुद्र

1870 सालच्या मे महिन्यात पॅरिसमध्ये सालाँचे वार्षिक प्रदर्शन भरले, तेव्हा गुस्ताव्ह कूर्बे या चित्रकाराने तिथे समुद्राची दोन चित्रे मांडली. एकाचे नाव ‘वादळी समुद्र’. त्याला पुढे लोक नुसते ‘लाट’ म्हणू लागले. दुसरे ‘वादळानंतरचा एत्रताचा कडा’. पहिले साधारण 117 सेंटिमीटर उंच आणि 160 सेंटिमीटर रुंद, दुसरे त्याहून थोडे मोठे. दोन्ही चित्रे आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. एकाच माणसाने, एकाच किनाऱ्यावर, एकाच मुक्कामात जे पाहिले त्याची ही दोन रूपे. एकात आभाळ खाली उतरून पाण्यावर रेलले आहे आणि पाणी उसळून त्याला भिडायला निघाले आहे. दुसऱ्यात पाऊस नुकताच थांबला आहे, हवा धुतली गेली आहे, आणि कड्याची प्रत्येक भेग हाताने चाचपावी इतकी स्पष्ट दिसते.

प्रस्तुत पुस्तक या दोन चित्रांविषयी आहे. फ्रेंच चित्रकलेचा इतिहास सांगण्याचा माझा हेतू नाही. तो मराठीत वेगवेगळ्या ठिकाणी येऊन गेला आहे. त्या इतिहासात कूर्बेला मिळणारी जागा मात्र फार ठरावीक असते. ‘वास्तववादाचा जनक’ असे एक बिरूद, ‘दगड फोडणारे’ आणि ‘ऑर्नाँची अंत्ययात्रा’ या दोन चित्रांचा उल्लेख, आणि लगेच दृक्‌प्रत्ययवाद्यांकडे मोर्चा. त्याचे समुद्र राहूनच जातात. मला ते समुद्र त्याच्या कामाचा गाभा वाटतात. तसे का वाटते, हे या प्रस्तावनेत सांगण्याचा प्रयत्न करते.

आधी ‘वादळी समुद्र’समोर उभे राहू. डावीकडे किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या आहेत. त्यांच्यापुढे पाणी सुरू होते आणि चित्राच्या मधोमध एक लाट फुटते आहे. तिच्यामागे क्षितिजाची रेषा, आणि रेषेच्या वर ढगांचे जडशीळ थर. चित्रातली सामग्री इथे संपते. कुणी बुडत नाही, कुणी वाचत नाही, कुणी हात उंचावून आकांत करत नाही. फुटलेले जहाज नाही, दीपगृह नाही, पतीची वाट पाहणारी कोळीण नाही.

हे नसणे त्या काळच्या प्रेक्षकाला चांगलेच जाणवले असणार. फ्रेंच चित्रकलेत वादळाची परंपरा जुनी होती आणि त्या वादळाला नेहमी गोष्ट लागायची. अठराव्या शतकात जोसेफ व्हर्नेने बुडत्या जहाजांची चित्रे रंगवून नाव कमावले. खवळलेला समुद्र जवळून बघता यावा म्हणून त्याने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले होते, अशी एक आख्यायिका त्याच्याभोवती तयार झाली. तेओदोर जेरिकोचे ‘मेड्युसाचा तराफा’ 1819 मध्ये प्रदर्शित झाले, म्हणजे कूर्बे जन्मला त्याच वर्षी. त्यातला समुद्र भयंकर आहे तो तराफ्यावरच्या माणसांमुळे. माणसे काढून टाकली तर चित्रच उरत नाही. कूर्बेने नेमके तेच केले. माणसे काढून टाकली आणि जे उरले तेच चित्र आहे असे म्हटले. होड्या ठेवल्या, पण त्याही रिकाम्या. माणूस शहाणपणाने मागे सरला आहे, एवढेच त्या सांगतात.

तरीही चित्र रिकामे वाटत नाही. उलट इतके भरलेले वाटते की बघणाऱ्याला दोन पावले मागे सरावेसे वाटते. हा भरलेपणा कुठून येतो? माझे उत्तर असे आहे की तो वजनातून येतो. कूर्बेची लाट जड आहे. तिचा फेस हलका नाही, तिचे पाणी पारदर्शक नाही, आणि तिच्यावरचे ढगही वाऱ्याने उडून जातील असे नाहीत. समुद्राची बहुतेक चित्रे पाण्याच्या हालचालीने आपल्याला जिंकतात. हे चित्र पाण्याच्या वस्तुमानाने जिंकते. आणि ते तसे का आहे याचा शोध घ्यायचा तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, फ्रान्सच्या पूर्व सीमेकडे जावे लागते.

कूर्बेचा जन्म 10 जून 1819 रोजी ऑर्नाँ येथे झाला. हा भाग फ्रांश-काँते म्हणून ओळखला जातो. पलीकडे ज्युरा पर्वत आणि स्वित्झर्लंड. ऑर्नाँ लू नदीच्या दरीत वसले आहे आणि दरीच्या दोन्ही अंगांना चुनखडीचे करडे-पांढरे कडे उभे आहेत. घरातून मान वर केली की आकाशाआधी दगड दिसतो. कूर्बेने हे कडे आयुष्यभर रंगवले. ‘ऑर्नाँची अंत्ययात्रा’मध्ये शोक करणाऱ्या गावकऱ्यांच्या डोक्यावर जी आडवी, सपाट टेकाडे दिसतात ती याच गावची. चुनखडीच्या प्रदेशात पाणी जमिनीवरून कमी आणि जमिनीखालून जास्त वाहते. ते दगड विरघळवत भुयारे कोरते आणि मग अचानक एखाद्या कड्याच्या पोटातून नदी होऊन बाहेर पडते. लू नदीचा उगम असाच आहे. एका प्रचंड गुहेच्या तोंडातून काळेशार पाणी घरंगळत येते. 1864 मध्ये कूर्बेने या उगमाची चित्रे केली, एक नाही अनेक. त्यांत आकाश जवळपास नाहीच. दगड आहे, दगडातला अंधार आहे, आणि त्या अंधारातून निघणारे पाणी. ती चित्रे ‘लाटे’शेजारी ठेवून पाहावीत असा माझा आग्रह आहे, आणि पुस्तकातली मांडणी मी तशीच केली आहे. पाणी म्हणजे दगडाचेच दुसरे रूप, ही समजूत या माणसाच्या डोळ्यांत बालपणापासून मुरलेली होती.

अशा दरीतल्या माणसाने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी, 1841 मध्ये, ल हाव्रला. सोबत गावचा मित्र युर्बाँ क्युनो होता. घरी लिहिलेल्या पत्रात त्याने आपले आश्चर्य लपवले नाही. ज्याला क्षितिज नाही असा समुद्र अखेर पाहिला, दरीत राहणाऱ्याला हे किती विचित्र वाटते, अशा अर्थाचे त्याचे शब्द आहेत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलाला तिथे सौंदर्य आधी जाणवले नाही, अडसर नसणे जाणवले. डोळा जाऊन जिथे आपटायचा तो कडाच नाहीसा झाला होता.

त्यानंतर तेरा वर्षांनी, 1854 मध्ये, तो दक्षिणेला माँपेलिएला गेला. आल्फ्रेद ब्रुयास या श्रीमंत संग्राहकाने त्याला बोलावले होते. तिथे भूमध्य समुद्राकाठी पालावास येथे त्याने एक छोटे चित्र केले. कॅनव्हास जेमतेम हातभर रुंद. खाली खडकाळ किनाऱ्याची पट्टी, तिच्यावर टोपी उंचावून समुद्राला सलाम करणारी एक इवलीशी आकृती, आणि बाकी सगळे पाणी नि आकाश. ही आकृती कूर्बेचीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चित्र गोड आहे, पण मला ते अजून पाहुण्याचे चित्र वाटते. समुद्राशी ओळख करून दिली जाते आहे आणि पाहुणा अदबीने, थोड्या ऐटीतही, टोपी काढतो आहे. एत्रताच्या चित्रांत असा माणूस उरणार नाही.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे नॉर्मंडीचा किनारा पॅरिसच्या हाताशी आला. पॅरिस ते ल हाव्र हा लोहमार्ग 1847 मध्ये पूर्ण झाला आणि 1863 मध्ये रेल्वे त्रुव्हिलपर्यंत पोहोचली. श्रीमंत लोक हवापालटासाठी, समुद्रस्नानासाठी तिथे जाऊ लागले आणि त्यांच्या मागोमाग चित्रकार गेले, कारण ग्राहक तिथेच होते. कूर्बेने 1865 चा उन्हाळा त्रुव्हिलला काढला. सोबत तरुण अमेरिकन चित्रकार व्हिस्लर होता. या मुक्कामात कूर्बेने सरदार घराण्यातल्या स्त्रियांची व्यक्तिचित्रे केली आणि समुद्राची चित्रेही भराभर केली. व्हिस्लरने त्याच किनाऱ्यावर एक चित्र काढले. त्यात पातळ निळ्या-रुपेरी पट्ट्यांसमोर, कोपऱ्यात, एक लहान आकृती उभी आहे, ती कूर्बेची. व्हिस्लरचा समुद्र रेशमासारखा सपाट आहे. दोघांची चित्रे शेजारी ठेवली की एकच पाणी दोन डोळ्यांना किती वेगळे दिसू शकते ते कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे युजेन बुदँची गाठ पडली. बुदँ हा ओंफ्लरचा, म्हणजे सेन नदीच्या मुखावरचा, खलाशाचा मुलगा. तो आकाश रंगवायचा. पेस्टलच्या खडूंनी छोट्या कागदांवर ढग टिपायचा आणि कडेला तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवायचा. 1859 मध्ये कवी बोदलेरने हे कागद पाहिले आणि आपल्या प्रदर्शन-समीक्षेत त्यांची मनापासून स्तुती केली. लिहिलेला मजकूर हाताने झाकला तरी ऋतू, वेळ आणि वारा ओळखता येईल, असे त्याचे म्हणणे होते. त्याच वर्षी कूर्बेची आणि बुदँची भेट झाली. आकाश कसे असते हे तुलाच ठाऊक, असे कूर्बे त्याला म्हणाल्याचे नोंदवलेले आहे. दरीत वाढलेल्या चित्रकाराला ढगांचे शिक्षण एका किनाऱ्यावरच्या माणसाकडून मिळाले, ही हकिगत मला महत्त्वाची वाटते. बुदँचे आकाश कूर्बेने घेतले, पण त्याची हवा घेतली नाही. ढग घेतले आणि त्यांना आपल्या गावच्या कड्यांचे वजन दिले.

आता एत्रता. हे ल हाव्रच्या उत्तरेला, इंग्लिश खाडीवरचे मासेमारांचे गाव. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. दोन्ही बाजूंना खडूसारख्या पांढऱ्या दगडाचे उभे कडे आहेत आणि समुद्राने त्यांत कमानी कोरल्या आहेत. कड्याच्या थरांमध्ये गारगोटीचे पट्टे असतात. पाया पोखरला की कडा कोसळतो, मऊ खडू पाण्यात विरतो आणि गारगोट्या उरतात. लाटा त्यांना हजारो वर्षे घोळवून गोल करतात. किनाऱ्यावरचा प्रत्येक गोटा म्हणजे कड्याचा उरलेला भाग आहे. तिथले मासेमार निकामी झालेल्या होड्यांवर गवताचे छप्पर घालून त्यांत जाळी आणि दोऱ्या ठेवत. कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ते दृश्य परके वाटणार नाही.

एत्रताचा खडू आणि ऑर्नाँची चुनखडी यांचे भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने सख्खे नाते आहे. वय वेगळे, ऑर्नाँचा दगड जास्त जुना. पण दोन्ही प्राचीन समुद्रांच्या तळाशी साचलेल्या चुन्यातून घडले. कूर्बेला हे कितपत माहीत होते याचा कयास मी करत नाही. मात्र त्याने या किनाऱ्यावर पाय ठेवला तेव्हा त्याच्या समोर ओळखीचा दगड आणि अनोळखी पाणी एकमेकांना भिडलेले होते, इतके नक्की.

तो इथे 1869 च्या ऑगस्टमध्ये आला आणि सप्टेंबरपर्यंत राहिला. घर अगदी पाण्याला लागून होते, पश्चिमेकडच्या कड्याच्या पायथ्याशी. या मुक्कामाचा एक साक्षीदार आपल्याला लाभला आहे. गी द मोपासाँ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि त्याचे बालपण याच गावात गेले होते. सतरा वर्षांनी, 1886 मध्ये, त्याने एका वृत्तपत्रात त्या भेटीची आठवण लिहिली. एका मोठ्या, मोकळ्या खोलीत एक लठ्ठ, मळका माणूस स्वयंपाकघरातल्या सुरीने कोऱ्या कॅनव्हासवर पांढऱ्या रंगाचे थापे चढवत होता. मधूनच तो खिडकीपाशी जाई, काचेला कपाळ टेकून बाहेरचे वादळ बघत राही. लाटा इतक्या जवळ येत की भिंतीवर त्यांचा तडाखा बसतो आहे असे वाटे. शेगडीवरच्या फळीवर सफरचंदाच्या दारूची बाटली होती. तिच्यातला घोट घेऊन तो पुन्हा कामाला लागे. मोपासाँ सांगतो, हेच काम पुढे ‘लाट’ म्हणून गाजले.

कथाकाराची आठवण आहे, तेव्हा तिला थोडे रंगकाम झालेले असणार. तरी तिच्यातली एक गोष्ट चित्राशी तंतोतंत जुळते, ती म्हणजे सुरी. कूर्बे पॅलेट नाइफ वापरत असे. लवचीक पात्याच्या या हत्याराने रंग कालवायचे असतात. कूर्बे त्यानेच रंगवायचा. सुरुवात तो गडद अस्तरापासून करी. कॅनव्हासवर आधी तपकिरी-काळसर थर, मग त्यावर हळूहळू उजळ रंग. सूर्य उगवण्याआधी सगळे काळेच असते आणि प्रकाश येऊन एकेक वस्तू दाखवू लागतो, मीही प्रकाशाचेच काम करतो, असा त्याचा युक्तिवाद होता. हे ऐकायला साधे वाटते, पण परिणाम पाहा. पांढऱ्या कागदावर जलरंगाने समुद्र काढला तर प्रकाश कागदातून येतो, पाण्यामागून. काळ्या अस्तरावर समुद्र काढला तर पाण्यामागे अंधार असतो आणि उजेड वरून थापावा लागतो. कूर्बेच्या लाटेला खोली आहे ती या अंधारामुळे. हिरवा रंग जिथे पातळ झाला आहे तिथे खालचा काळा वर येतो आणि पाण्याला तळ नाही असे वाटू लागते.

मग येतो फेस. तो सुरीने ओढला आहे. पात्यावर घट्ट पांढरा रंग घेऊन तो कॅनव्हासवरून दाबत नेला की रंग सलग पसरत नाही. तो खरवडला जातो, तुटतो, कुठे उंचवटा होतो, कुठे खालचे अस्तर उघडे पडते. कूर्बेने ऑर्नाँचे कडे याच पद्धतीने रंगवले होते. दगडाचा खडबडीतपणा सुरीने आपोआप साधतो. तीच सुरी, तोच हात, तोच दाब त्याने पाण्यावर चालवला. त्यामुळे त्याचा फेस दगडाच्या कपच्यांसारखा दिसतो. 1870 मध्ये व्यंगचित्रकारांनी यावरच बोट ठेवले. एकाने तर या लाटेचा काप सुरीवर घेऊन प्रेक्षकाला वाढला. थट्टा म्हणून ते ठीक होते. पण त्या थट्टेमागचे निरीक्षण बरोबर होते, आणि त्याच निरीक्षणात चित्राची थोरवी आहे. शेकडो टन पाणी किनाऱ्यावर आदळते तेव्हा ते दगडासारखेच आदळते. कडे त्यानेच फुटतात. कूर्बेने पाण्याचा देखावा रंगवला नाही, पाण्याचे बळ रंगवले.

आपल्याकडच्या वाचकासाठी इथे थोडे थांबायला हवे. महाराष्ट्रात निसर्गचित्राची नजर घडली ती मुख्यतः जलरंगातून. 1857 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कलाशाळेत ब्रिटिश वळणाचे शिक्षण होते आणि पुढच्या पिढ्यांतल्या आपल्या चित्रकारांनी पारदर्शक जलरंगावर असामान्य हुकमत मिळवली. एका ओल्या फटकाऱ्यात पावसाळी आभाळ उतरवायचे, कागदाची शुभ्रता राखून पाण्यावरचा चकाकता कवडसा दाखवायचा, हे आपण कौतुकाने पाहत आलो. या सवयीने कूर्बेकडे गेलो तर तो ओबडधोबड वाटतो. त्याच्याकडे पारदर्शकतेचा लोभ नाही. म्हणून माझी विनंती आहे की सोबतच्या छापील प्रतिमा पाहताना शेवटच्या पानांवर दिलेले मोठे केलेले तुकडे आधी पाहावेत. संपूर्ण चित्र छापले की ते गुळगुळीत होते, त्याचा उंचसखलपणा नाहीसा होतो. आणि या चित्रांत उंचसखलपणा काढून घेतला तर अर्धेअधिक चित्र जाते.

आकाशाविषयी वेगळे लिहायला हवे, कारण ‘लाट’ म्हटले की सगळे पाण्याकडेच पाहतात. त्या काळात समुद्र आणि आकाश एकत्र पकडणे ही एक तांत्रिक अडचण होती, निदान छायाचित्रकारांची तरी. तेव्हाच्या कलोडियन काचा निळ्या प्रकाशाला फार चटकन प्रतिसाद देत. समुद्र नीट यावा इतका वेळ काच उघडी ठेवली की आकाश जळून पांढरेफटक होई. गुस्ताव्ह ल ग्रे या छायाचित्रकाराने यावर उपाय काढला. 1857 च्या सुमारास सेत येथे टिपलेली त्याची प्रसिद्ध ‘मोठी लाट’ दोन वेगवेगळ्या काचांवरून छापलेली आहे, पाण्याची एक आणि ढगांची एक. दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडल्या. पाहणाऱ्याला सांधा कळत नाही, पण आभाळ आणि पाणी दोन वेगळ्या क्षणांचे आहेत.

कूर्बेच्या चित्रात असा सांधा नाही. इतकेच काय, चित्रकार नेहमी करतात ती विभागणीही नाही. परंपरेत आकाश पातळ रंगात आणि जमीन किंवा पाणी जाड रंगात रंगवायचे असते, म्हणजे आकाश दूर जाते. ‘वादळी समुद्र’मध्ये ढगसुद्धा जाड लेपाचे आहेत. ते मागे जात नाहीत, पुढे येतात. लाट खालून वर आणि ढग वरून खाली, आणि मधल्या फटीत क्षितिजाची रेषा दाबली गेली आहे. 1841 मध्ये ज्या मुलाला क्षितिज नसलेला समुद्र विचित्र वाटला होता, त्याने 1869 मध्ये आकाशाचीच भिंत उभी केली आणि समुद्राला पुन्हा दरी करून टाकले. ही माझी वाचनपद्धती आहे. वाचकाने ती चित्राशी ताडून पाहावी. ‘वादळानंतरचा एत्रताचा कडा’मध्ये भिंतीचे काम प्रत्यक्ष कडाच करतो, म्हणून तिथल्या आकाशाला मोकळे होता येते. निळाई दिसते, ढग पांढरे होतात. दोन चित्रांतला हा हिशेब मला फार देखणा वाटतो. एकात वजन वर आहे म्हणून उजेड कमी; दुसऱ्यात वजन डावीकडे सरकले, उजवीकडे हवा खेळू लागली.

कूर्बेला समुद्र प्राण्यासारखा वाटत असे. 1864 मध्ये व्हिक्टर ह्यूगोला लिहिलेल्या पत्रात तो समुद्राच्या खुशीला हसणारा वाघ म्हणतो, दुःखाला मगरीचे अश्रू, आणि रागाला पिंजऱ्यात कोंडलेले जनावर. ह्यूगो तेव्हा नेपोलियन तिसऱ्याच्या राजवटीला विरोध करून गर्न्झी बेटावर देशाबाहेर राहत होता. त्याला समुद्राविषयी लिहिताना कोंडलेल्या जनावराची आठवण निघावी, यात राजकीय सूर ऐकू येतो. तिथूनच पुढे काही समीक्षकांनी ‘लाटे’चा अर्थ उठावाची तयारी करणारी जनता असा लावला. तारखा या अर्थाला हात देतात. मे 1870 मध्ये चित्र मांडले. जूनमध्ये सरकारने कूर्बेला लीजन ऑफ ऑनर जाहीर केले आणि त्याने ते जाहीर पत्र लिहून नाकारले. जुलैमध्ये प्रशियाशी युद्ध सुरू झाले, सप्टेंबरमध्ये साम्राज्य कोसळले, आणि पुढच्या वसंतात पॅरिस कम्यून ही क्रांतिकारी नगरसत्ता उभी राहिली.

मी हा अर्थ नाकारत नाही, पण त्याला चित्रावर स्वार होऊ द्यायला माझे मन घेत नाही. कूर्बे राजकीय माणूस होता आणि त्याने ते कधी लपवले नाही. पण त्याने हेही ठासून सांगितले होते की चित्रकला ही मूर्त गोष्टींची कला आहे, जे डोळ्यांना दिसते त्याचीच. ज्याला जनता रंगवायची होती त्याने दगड फोडणारे आणि अंत्ययात्रेला जमलेले गावकरी सहा मीटरहून रुंद कॅनव्हासपर्यंत जाऊन रंगवले होते. त्याला लाटेचा आडपडदा कशाला हवा? लाट ही लाट म्हणून इतक्या गंभीरपणे घ्यावी, जितके गंभीरपणे पूर्वी राजांना आणि देवांना घेतले जाई, हाच त्यातला मोठा राजकीय विचार आहे असे मला वाटते. पाण्याला पोशाख चढवायची गरज नाही.

पुढची हकिगत थोडक्यात सांगते, कारण ती अनेकदा सांगितली गेली आहे. व्हाँदोम चौकातला नेपोलियनचा स्तंभ उतरवावा अशी सूचना कूर्बेने सप्टेंबर 1870 मध्ये केली होती. कम्यूनने तो पाडण्याचा ठराव 12 एप्रिल 1871 रोजी केला. कूर्बे कम्यूनवर निवडून आला तो त्यानंतर. 16 मे रोजी स्तंभ पडला. कम्यून चिरडली गेल्यावर कूर्बेला सहा महिने कैद आणि 500 फ्रँक दंड झाला. तेवढ्याने भागले नाही. स्तंभ पुन्हा उभारण्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करायचे ठरले आणि तो आकडा तीन लाख तेवीस हजार फ्रँकवर गेला. 1873 मध्ये तो स्वित्झर्लंडला निघून गेला. दरवर्षी दहा हजार फ्रँकचा हप्ता ठरला. पहिला हप्ता भरायच्या आदल्या दिवशी, 31 डिसेंबर 1877 रोजी, जिनिव्हा सरोवराकाठी ला तूर-द-पेल येथे तो वारला. ‘वादळी समुद्र’ 1878 मध्ये फ्रेंच सरकारने आपल्या संग्रहासाठी घेतले. माणसाला देशात राहू न देणाऱ्या सरकारला त्याचा समुद्र मात्र हवा होता.

चित्रकारांनी या चित्रांकडे कसे पाहिले, हे सरकारपेक्षा जास्त बोलके आहे. क्लोद मोने 1883 मध्ये एत्रताला गेला. तिथला कडा रंगवायचा त्याचा बेत होता, आणि कूर्बेने तो इतका अप्रतिम रंगवल्यानंतर आपण हात घालणे म्हणजे धाडसच, असे त्याने पत्रात कबूल केले. मग त्याने जे केले ते कूर्बेच्या बरोबर उलट होते. त्याच्या चित्रांतला कडा दगडाचा राहत नाही, प्रकाशाचा होतो. सकाळी एक, दुपारी दुसरा. मोनेला पाण्याचे वजन काढून टाकता आले, कारण कूर्बेने ते एकदा पूर्णपणे तोलून दाखवले होते. सेझानची ओढ मात्र वजनाकडे होती. बर्लिनच्या संग्रहालयात असलेल्या कूर्बेच्या लाटेविषयी तो अतिशय भारावून बोलल्याचे त्याच्या तरुण मित्राने नोंदवले आहे. त्या मित्राच्या नोंदी शब्दशः घेऊ नयेत असे जाणकार सांगतात. तरी सेझानचे डोंगर पाहिले, रंगाच्या थराने वस्तूला घनता देण्याची त्याची धडपड पाहिली, की हे आकर्षण खोटे नसावे असे वाटते.

बर्लिनच्या लाटेचा उल्लेख आला, तेव्हा या पुस्तकाची मर्यादाही सांगून टाकते. कूर्बेच्या लाटा पुष्कळ आहेत. बर्लिन, फ्रँकफर्ट, लियाँ, ल हाव्र, एडिंबरा, टोकियो, अशा कितीतरी ठिकाणच्या संग्रहालयांत त्या पाहायला मिळतात. समुद्राची चित्रे खपत होती आणि कूर्बेला व्यवहार कळत होता, म्हणून तो एकाच विषयाची अनेक रूपे करी. त्यात कमीपणा नाही. प्रत्येक लाटेत त्याने ढगांचा आणि पाण्याचा तोल नव्याने मांडला आहे. खरी अडचण नंतर झाली. स्वित्झर्लंडमध्ये दंडाची टांगती तलवार डोक्यावर असताना, तब्येत ढासळत असताना, त्याच्याभोवती मदतनीस जमले. त्यांपैकी केरुबिनो पाता हा गुरूच्या पद्धतीने चित्रे करण्यात इतका तरबेज झाला की कुठल्या कॅनव्हासवर कुणाचा हात आहे हे ठरवणे आजही कठीण जाते. भर म्हणून कूर्बेच्या नावाने नुसती बनावट चित्रेही बाजारात आली. सुरीने पांढरा रंग थापणे वरवर सोपे दिसते, त्यामुळे नकला करणाऱ्यांना लाटा विशेष आवडल्या. पण नकली लाटेत बहुधा फेसच जाड असतो. त्याखालचे पाणी आणि त्यावरचे आकाश पोकळ असते.

या कारणाने मी स्वित्झर्लंडमधल्या काळातील समुद्र आणि सरोवरे या पुस्तकात घेतलेली नाहीत. शिलाँच्या किल्ल्याची चित्रेही नाहीत, जरी त्यांतली काही सुंदर आहेत. 1865 चे त्रुव्हिल, 1869 चे एत्रता, आणि त्यांच्या आधीची ऑर्नाँची दगड-पाण्याची चित्रे एवढाच पट ठेवला आहे. पहिल्या प्रकरणात लू नदीची गुहा येईल. समुद्र तिसऱ्या प्रकरणात सुरू होतो. घाई असलेल्या वाचकाने थेट तिसऱ्या प्रकरणाकडे जायला हरकत नाही, फक्त तिथली लाट पाहून झाल्यावर पहिल्या प्रकरणातल्या गुहेकडे एकदा परत यावे.